पॉल डडली व्हाइट

डॉ. पॉल डडली व्हाइट (जन्म : ६ जून १८८६, रॉक्सबरी, बोस्टन, मृत्यू : ३१ ऑक्टोबर १९७३, बोस्टन) हे अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ, संशोधक आणि वैद्यक-लेखक होते. अमेरिकेत हृदयरोगशास्त्राला स्वतंत्र शाखा म्हणून स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा उपचारांसाठी व्हाइट यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. हृदयविकाराचा झटका म्हणजे कर्तृत्वाचा शेवट नव्हे, रुग्ण पुन्हा कामावर रुजू होऊ शकतो, हा विचार त्यांनी वैद्यकीय व्यवसायात आणि सर्वसामान्य जनतेत रुजवला. आज ज्याला हृदय पुनर्वसन म्हणतात, त्या उपचारपद्धतीच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी ते एक होते.

बालपण आणि शिक्षण

व्हाइट यांचे वडील हर्बर्ट वॉरन व्हाइट हे कुटुंबवैद्य होते. बोस्टन शहराचा भाग असलेल्या रॉक्सबरीत ते वैद्यकी करीत. पॉल यांचे शालेय शिक्षण रॉक्सबरी लॅटिन स्कूल या जुन्या शाळेत झाले. पुढे त्यांनी हार्वर्ड महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९११ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातून वैद्यकीय पदवी संपादन केली. त्याच वर्षी ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. या रुग्णालयाशी जडलेला त्यांचा संबंध आयुष्यभर टिकला.

आरंभी त्यांचा ओढा बालरोगांकडे होता. त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधनही हृदयाविषयी नव्हते. रॉजर ली यांच्यासमवेत त्यांनी रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजण्याची एक सोपी पद्धत १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. काचेच्या नळीत रक्त घेऊन ती ठराविक अंतराने तिरपी करून पाहावयाची, अशी ही चाचणी होती. ली-व्हाइट चाचणी या नावाने ती अनेक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली.

व्हाइट यांची एक बहीण संधिवाती ज्वरातून उद्भवलेल्या हृदयविकाराने मरण पावली. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात हा ज्वर मुलांच्या आणि तरुणांच्या हृदयाच्या झडपा निकामी करीत असे. बहिणीच्या मृत्यूमुळे या विषयाकडे त्यांचे लक्ष अधिक वेधले गेले.

लंडनमधील अध्ययन आणि पहिले महायुद्ध

हार्वर्डची प्रवासी शिष्यवृत्ती मिळवून व्हाइट १९१३ मध्ये लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये सर टॉमस लुईस यांच्या हाताखाली त्यांनी विद्युत् हृल्लेखाचे, म्हणजेच ईसीजीचे, शिक्षण घेतले. हृदयाच्या ठोक्याबरोबर निर्माण होणारे सूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपणारे हे यंत्र तेव्हा अगदी नवे होते. लुईस हे त्या विषयातील अग्रगण्य अभ्यासक मानले जात. १९१४ मध्ये मायदेशी परतल्यावर व्हाइट यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईसीजीचा वापर सुरू केला. त्या वेळी हृदय ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा होऊ शकेल, असे फार थोड्यांना वाटत होते.

पहिल्या महायुद्धात व्हाइट यांनी प्रथम ब्रिटिश सैन्याबरोबर आणि नंतर फ्रान्समधील बोर्दो येथील अमेरिकन लष्करी रुग्णालयात सेवा बजावली. धाप, छातीत धडधड आणि थकवा या तक्रारींमुळे त्या युद्धात हजारो सैनिक कामास निरुपयोगी ठरत होते. त्यांपैकी बहुतेकांच्या हृदयात दोष सापडत नसे. लुईस यांनी इंग्लंडमध्ये अशा सैनिकांना अंथरुणात न ठेवता क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत देण्याचा प्रयोग केला आणि त्यांतील अनेकांना पुन्हा कामावर धाडले. या विकाराचा विषय व्हाइट यांनी पुढेही सोडला नाही. अशा १७३ रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. हृदयाचा रोग आणि हृदयाविषयीची भीती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत व दुसरीही माणसाला तितकीच पंगू करू शकते, ही जाण व्हाइट यांच्या सर्व कार्यात दिसते.

संशोधनकार्य

युद्धानंतर व्हाइट यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील हृदयविभागाची उभारणी केली. देशोदेशीचे तरुण डॉक्टर तेथे शिकावयास येऊ लागले. रुग्णाची तपशीलवार टिपणे ठेवणे आणि वर्षानुवर्षे त्याच्या प्रकृतीची चौकशी करीत राहणे, ही त्यांच्या कामाची विशेष रीत होती. या टिपणांतूनच त्यांचे बहुतेक संशोधन आकाराला आले.

१९२८ मध्ये त्यांच्याकडे ३५ वर्षांचे एक व्यायामशिक्षक आले. प्रकृती एरवी उत्तम असूनही त्यांचे हृदय मधूनमधून एकाएकी अतिवेगाने धडधडू लागे. त्यांच्या ईसीजीत एक वेगळाच आकार दिसला. बोस्टनमधील लुई वुल्फ आणि लंडनमधील सर जॉन पार्किन्सन यांच्या सहकार्याने व्हाइट यांनी अशा ११ निरोगी तरुण व्यक्तींची माहिती एकत्र केली व १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. हाच विकार आज वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट लक्षणसमूह या नावाने ओळखला जातो. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये नेहमीच्या मार्गाखेरीज विद्युत्संदेश वाहून नेणारी एक जादा वाट असल्यामुळे तो उद्भवतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

१९३१ मध्ये त्यांचा हृदयरोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या आणि सुमारे दोन दशके वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तो प्रमाणग्रंथ ठरला. १९३५ मध्ये सिल्व्हेस्टर मॅकगिन यांच्यासह त्यांनी फुप्फुसातील रोहिणीत रक्ताची गुठळी अडकल्यास हृदयाच्या उजव्या भागावर अचानक येणाऱ्या ताणाचे आणि त्या वेळी ईसीजीत दिसणाऱ्या खुणांचे वर्णन केले. अशा गुठळ्या बहुधा पायांच्या नीलांमध्ये तयार होतात. दीर्घकाळ अंथरुणात निश्चल पडून राहणे हे त्यांचे एक प्रमुख कारण असते.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २०० रुग्णांचा पाठपुरावा व्हाइट आणि त्यांचे सहकारी एडवर्ड ब्लँड यांनी १९२० च्या दशकापासून सुरू केला होता. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९४१ मध्ये आणि २५ वर्षांनंतरचे अंतिम निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या काही आठवड्यांचा धोका टळलेल्या रुग्णांपैकी बरेच जण अनेक वर्षे जगतात आणि त्यांतील कित्येक कामधंदाही करतात, हे या अभ्यासातून दिसून आले. झटक्यानंतर फार काळ आयुष्य उरत नाही, या तत्कालीन समजुतीला मिळालेले हे मोजमापाधारित उत्तर होते. व्हाइट यांच्या आशावादामागे असा रुग्णनोंदींचा आधार होता.

अंथरुणातील विश्रांतीचा प्रश्न

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो, हे शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले होते. अशा रुग्णाला संपूर्ण विश्रांती द्यावी, असा त्यांचा सल्ला होता. पुढील तीन दशकांत या सल्ल्याला कठोर नियमाचे स्वरूप आले. सहा ते आठ आठवडे रुग्णाने पाठीवर पडून राहावयाचे, कूसही स्वतः बदलावयाची नाही, घास परिचारिकेने भरवावयाचा, अशी व्यवस्था अनेक रुग्णालयांत होती. घरी गेल्यावरही जिना चढण्यास महिनोन् महिने मनाई असे. कित्येकांना नोकरी कायमची सोडावी लागे.

या नियमाला शास्त्रीय आधार देणारे एक संशोधन व्हाइट यांच्याच नावावर आहे. केनेथ मॅलरी आणि जॉर्ज साल्सेदो-सालगार यांच्यासह त्यांनी ७२ मृत रुग्णांच्या हृदयांची तपासणी करून १९३९ मध्ये निष्कर्ष मांडले. रक्तपुरवठा तुटल्यामुळे मृत झालेल्या स्नायूच्या जागी हळूहळू तंतुमय व्रण तयार होतो. हा भाग लहान असल्यास व्रण पक्का होण्यास सुमारे पाच आठवडे आणि मोठा असल्यास सुमारे दोन महिने लागतात, असे त्यांना आढळले. व्रण पक्का होण्यापूर्वी श्रम केल्यास हृदयाची भिंत फाटेल, या भीतीने डॉक्टरांनी या कालगणनेवरून रुग्णाला तितके दिवस खिळवून ठेवण्याचा अर्थ काढला. प्रत्यक्षात तो अभ्यास स्नायू किती दिवसांत भरून येतो हे सांगणारा होता. रुग्णाने तोवर हालचाल केल्यास काय होते, याचे मोजमाप त्यात नव्हते.

सक्तीच्या विश्रांतीचे दुष्परिणाम १९४० च्या दशकात उघडपणे चर्चिले जाऊ लागले. पायांतील गुठळ्या, फुप्फुसांत साचणारा कफ, स्नायूंची झीज, हाडांतील कॅल्शियमची घट, बद्धकोष्ठ आणि खिन्नता ही त्यांतील प्रमुख होत. बोस्टनमधील दुसऱ्या एका रुग्णालयात, पीटर बेंट ब्रिगममध्ये, डॉ. सॅम्युएल लिव्हाइन यांनी रुग्णांना झटक्यानंतर लवकरच खुर्चीत बसविण्यास प्रारंभ केला. त्यांनी आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा ८१ रुग्णांचा अनुभव १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. पाय खाली सोडून बसल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि त्याच्यावरील भार हलका होतो, असा त्यांचा तर्क होता.

या बदलात व्हाइट यांची भूमिका मध्यममार्गी होती. पहिल्या काही दिवसांची विश्रांती त्यांना आवश्यक वाटे. मात्र सर्व रुग्णांना एकच मुदत लावणे त्यांना मान्य नव्हते. आजाराची तीव्रता पाहून प्रत्येकाचे वेळापत्रक ठरवावे, शक्य तितक्या लवकर त्याला हालचाल करू द्यावी आणि तो पुन्हा कामावर जाणार आहे असे गृहीत धरूनच उपचारांची आखणी करावी, असे ते सांगत.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा आजार

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर सप्टेंबर १९५५ मध्ये सुटीनिमित्त कोलोराडो राज्यातील डेन्व्हर येथे सासुरवाडीस राहिले होते. २४ सप्टेंबरच्या पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागले. प्रारंभी पचनाची तक्रार असल्याचे जाहीर झाले. दुपारपर्यंत हृदयविकाराचे निदान निश्चित होऊन त्यांना फिट्झसायमन्स लष्करी रुग्णालयात हलविण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी ६४ वर्षांचे होते. त्या काळातील सर्वसाधारण समजुतीप्रमाणे त्यांची राजकीय कारकीर्द संपल्यातच जमा होती. सोमवार २६ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाउ जोन्स निर्देशांक सुमारे साडेसहा टक्क्यांनी कोसळला.

व्हाइट यांना बोस्टनहून विमानाने डेन्व्हरला आणण्यात आले. त्यांचे वय तेव्हा ६९ वर्षांचे होते. २६ सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या आजाराची माहिती सोप्या भाषेत दिली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी कशी होते, व्रण कसा भरतो, किती दिवस लागतात आणि अशा आजारानंतर लोक पुढे कसे जगतात, हे त्यांनी एखाद्या शिक्षकाप्रमाणे समजावून सांगितले. राष्ट्राध्यक्षांच्या शौचाचाही उल्लेख त्यांनी केला. काहींना तो अनुचित वाटला. परंतु डॉक्टरांच्या दृष्टीने ती रुग्णाची प्रकृती मार्गावर असल्याची खूण होती. नेत्यांचे आजार जनतेपासून दडवून ठेवण्याची प्रथा असलेल्या काळात ही मोकळीक अपूर्व होती. हृदयविकाराची इतकी सविस्तर माहिती एका वेळी इतक्या लोकांपर्यंत यापूर्वी क्वचितच पोहोचली असेल.

आयझेनहॉवर यांना प्राणवायू, वेदनाशामक आणि रक्त गोठू न देणारी औषधे देण्यात आली. त्यात वॉरफरिन या तेव्हा नव्या असलेल्या औषधाचा समावेश होता. प्रकृती स्थिरावल्यावर त्यांना क्रमाक्रमाने खुर्चीत बसणे, काही पावले चालणे आणि जिना चढणे यांची सवय करण्यात आली. कार्यालयीन कामही थोड्या थोड्या प्रमाणात सुरू झाले. सुमारे सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबर रोजी, ते स्वतः चालत डेन्व्हरहून बाहेर पडले. आजच्या मानाने हा मुक्काम फार दीर्घ वाटतो. तथापि देशाचा प्रमुख झटक्यानंतर आपल्या पायांनी चालतो आहे, हे दृश्य त्या वेळच्या रुग्णांना आणि डॉक्टरांना धीर देणारे ठरले.

पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. १९५६ च्या निवडणुकीत आयझेनहॉवर यांनी पुन्हा उभे राहावे की नाही, हे ठरवायचे होते. १४ फेब्रुवारी १९५६ रोजी व्हाइट आणि इतर डॉक्टरांनी आपला अभिप्राय जाहीर केला. आणखी पाच ते दहा वर्षे सक्रिय जीवन जगता येण्याची शक्यता चांगली आहे, असा त्याचा आशय होता. निवडणुकीचा निर्णय त्यांनी रुग्णावर सोपवला. २९ फेब्रुवारीस आयझेनहॉवर यांनी उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले आणि जानेवारी १९६१ पर्यंत त्यांनी पदभार सांभाळला. मधल्या काळात आतड्यावरील शस्त्रक्रिया आणि सौम्य पक्षाघात यांनाही त्यांना तोंड द्यावे लागले. त्यांचा मृत्यू १९६९ मध्ये, म्हणजे पहिल्या झटक्यानंतर १३ वर्षांहून अधिक काळाने झाला.

एकाच रुग्णाच्या उदाहरणावरून वैद्यकीय नियम सिद्ध होत नाही, हे व्हाइट यांना ठाऊक होते. तरीही या उदाहरणाचा सामाजिक परिणाम मोठा होता. झटका येऊन गेलेला माणूस जगातील एक अत्यंत ताणाचे पद सांभाळू शकतो, तर त्याला कारखान्यात किंवा कचेरीत परत का घेऊ नये, हा प्रश्न मालकांना आणि विमा कंपन्यांना टाळता येईनासा झाला.

हृदय पुनर्वसनाचे कार्य

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम करणारे डॉ. हॉवर्ड रस्क यांनी युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये पुनर्वसन संस्था उभारली होती. अवयव गमावलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या व्यक्तीला जे शिक्षण दिले जाते, ते हृदयरुग्णालाही मिळावे, या विचाराने व्हाइट आणि रस्क एकत्र आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या रुग्णांच्या पुनर्वसनावर लिहिलेला ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे, शारीरिक हालचाल, मानसिक आधार, कुटुंबाचे शिक्षण आणि रोजगार या सर्वांचा एकत्रित विचार करणे, हे या दृष्टिकोनाचे वैशिष्ट्य होते.

अमेरिकेतील काही शहरांत त्या सुमारास हृदयरुग्णांसाठी कार्यक्षमता-तपासणी केंद्रे चालू होती. विशिष्ट कामाला किती शारीरिक ऊर्जा लागते आणि रुग्णाचे हृदय किती श्रम पेलू शकते, याची तेथे सांगड घातली जाई. क्लीव्हलँडचे डॉ. हर्मन हेलरस्टाइन यांनी हे काम विशेष पुढे नेले. अनेक कामांना लोक समजतात त्यापेक्षा बरेच कमी श्रम लागतात आणि बहुसंख्य रुग्ण ती सहज करू शकतात, असे त्यातून आढळले. रुग्णाला घरी बसविणारी गोष्ट पुष्कळदा त्याच्या हृदयाची दुर्बलता नसून त्याच्या स्वतःच्या, घरच्यांच्या आणि मालकाच्या मनातील धास्ती असते, या व्हाइट यांच्या मताला यामुळे पुष्टी मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये हृदयरुग्णांच्या पुनर्वसनावर अहवाल प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून केलेल्या प्रयोगात त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता सुमारे एक चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दिसले. पद्धतशीर व्यायामानंतर ती भरून निघाली. विश्रांतीमुळे निरोगी हृदयही दुबळे होते, हे यातून निर्विवादपणे स्पष्ट झाले.

व्यायाम, आहार आणि प्रतिबंध

चालणे आणि सायकल चालविणे यांचा व्हाइट यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. ते स्वतः वृद्धापकाळापर्यंत सायकल चालवीत. मोटारींमुळे अमेरिकन माणसाचे चालणे थांबले आहे, ही त्यांची नेहमीची तक्रार होती. सायकलींसाठी शहरांत स्वतंत्र मार्ग असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जाणाऱ्या सायकलमार्गाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे धावपटू क्लॅरेन्स डीमार यांचे १९५८ मध्ये कर्करोगाने निधन झाले. जेम्स करेन्स आणि व्हाइट यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९६१ मध्ये मांडले. डीमार यांच्या हृदयरोहिण्या सर्वसामान्य माणसाच्या दोन-तीन पट रुंद असल्याचे त्यात नोंदवले आहे. दीर्घकाळ केलेल्या श्रमांनी हृदय झिजते, ही समजूत त्या काळी प्रचलित होती. तिला या अहवालाने छेद दिला.

चाळिशीच्या आत हृदयरोग झालेल्या रुग्णांचा मेनार्ड गर्टलर यांच्यासह केलेला अभ्यास त्यांनी १९५४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आहारशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्यासमवेत १९५० च्या दशकात त्यांनी दक्षिण इटलीला आणि ग्रीसमधील क्रीट बेटाला भेट दिली. तेथील लोकांचा आहार व हृदयरोगाचे प्रमाण यांचा संबंध तपासण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांचा सहभाग होता.

हृदयाविषयीचे त्यांचे कुतूहल माणसापुरते मर्यादित नव्हते. हत्तीच्या ईसीजीचा त्यांनी अभ्यास केला. १९५२ मध्ये अलास्कात पांढऱ्या बेलुगा देवमाशाच्या हृदयाची नोंद घेण्यात त्यांच्या पथकाला यश आले. करड्या देवमाशाचे ठोके टिपण्यासाठी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर त्यांनी काढलेल्या मोहिमेचा वृत्तान्त १९५६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात प्रसिद्ध झाला.

संस्थात्मक आणि आंतरराष्ट्रीय कार्य

१९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सहा संस्थापकांपैकी व्हाइट एक होते. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. १९४८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय हृदय कायदा संमत झाला आणि राष्ट्रीय हृदय संस्था अस्तित्वात आली. तिच्या सल्लागार मंडळाचे कार्यकारी संचालक म्हणून व्हाइट यांनी काम पाहिले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावी सुमारे ५,२०० नागरिकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध या अभ्यासाने प्रस्थापित केला. व्हाइट त्याच्या पाठीराख्यांपैकी होते.

आंतरराष्ट्रीय हृदयरोग संघटनेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. शीतयुद्धाच्या काळातही डॉक्टरांनी सीमा ओलांडून एकमेकांशी बोलले पाहिजे, या भूमिकेतून १९५६ मध्ये ते सोव्हिएत संघात गेले. १९७१ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, चीनला भेट देणाऱ्या पहिल्या अमेरिकन डॉक्टरांच्या गटात त्यांचा समावेश होता.

भारतीय हृदयरोगशास्त्राशीही त्यांचा दुवा आहे. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी १९५२ पासून हार्वर्डमध्ये व्हाइट यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात हृदयरोग चिकित्सालय सुरू केले. १९६२ मध्ये त्यांनी ऑल इंडिया हार्ट फाउंडेशनची स्थापना केली. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात.

वैयक्तिक जीवन आणि अखेर

व्हाइट यांचा विवाह १९२४ मध्ये आयना रीड यांच्याशी झाला. या दांपत्याने एक मुलगी आणि एक मुलगा दत्तक घेतला. व्हाइट यांचे आत्मचरित्र १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी बोस्टन येथे, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सन्मान

व्हाइट यांना १९५३ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९६४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान असलेले राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक प्रदान करण्यात आले. १९८६ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अमेरिकन टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तीन सेंटचे तिकीट काढले.

मूल्यमापन

व्हाइट यांच्या काळातील अनेक गोष्टी आज कालबाह्य झाल्या आहेत. रोहिणीतील अडथळा आता काही तासांत दूर करता येतो आणि गुंतागुंत नसलेला रुग्ण पहिल्या एक-दोन दिवसांत चालू लागतो. १९३९ च्या अभ्यासावरून काढलेला दीर्घ विश्रांतीचा नियम मागे पडला आहे. त्याऐवजी रुग्णालयातील हालचाल, घरी गेल्यावर देखरेखीखालील व्यायाम व शिक्षण आणि पुढे आयुष्यभर पाळावयाची दिनचर्या, असे पुनर्वसनाचे टप्पे मानले जातात. अमेरिकेत देखरेखीखालील टप्प्यात साधारणतः ३६ सत्रे असतात. अशा कार्यक्रमांनी हृदयरोगामुळे होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. तरीही पात्र रुग्णांपैकी पुष्कळ जण या कार्यक्रमांपर्यंत पोहोचत नाहीत. व्हाइट यांना ज्या धास्तीशी झुंजावे लागले, तिचा प्रभाव अद्याप पुरता ओसरलेला नाही.

व्हाइट यांचे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत मुख्यतः एका लक्षणसमूहामुळे राहिले आहे. परंतु त्यांचे अधिक व्यापक कार्य रुग्णाविषयीच्या अपेक्षा बदलण्याचे होते. झटक्यानंतर रुग्ण किती दिवस जगेल, एवढ्यावरच पूर्वी विचार थांबत असे. तो कसा जगेल, काय काम करील आणि पुन्हा आजारी पडू नये यासाठी काय करावे लागेल, हे प्रश्न उपचारांचाच भाग आहेत, हे व्हाइट यांनी रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींच्या आधारे दाखवून दिले.